बेकाराला कल्पकतेचा उपदेश

गेल्या काही वर्षांत आपल्या धर्मग्रामांच्या सभागृहांतून एका विषयावरील व्याख्याने फार वाढली आहेत. शीर्षके निरनिराळी असतात, आशय मात्र एकच. नोकरी गेली म्हणून खचू नका, संकट हीच संधी आहे, आपल्यातील सुप्त कल्पकता जागी करा आणि स्वतःच स्वतःचे मालक व्हा. वक्ता बहुधा बाहेरून आलेला, उत्साही आणि इंग्रजीमिश्रित मराठी बोलणारा असतो. तो पडद्यावर चित्रे दाखवतो: केक, मेणबत्त्या, अळिंबी, गांडूळखत, कागदी पिशव्या, घरगुती लोणची. टाळ्या होतात, आभारप्रदर्शन होते, चहा होतो. चार महिन्यांपूर्वी कारखान्यातून कमी केलेला एखादा पन्नाशीचा गृहस्थ वही मिटून घरी जातो. वहीत सतरा कल्पना उतरवून घेतलेल्या असतात आणि घरी विजेचे बिल येऊन पडलेले असते.

या व्याख्यानांना आमचा विरोध आहे. कल्पकतेला विरोध करण्याइतके आम्ही अरसिक नाही. ज्या समाजाने वसईच्या रेताड जमिनीत विहिरी खणून पानवेली आणि केळीच्या बागा उभ्या केल्या, पिकलेली केळी उन्हात वाळवून त्यांची सुकेळी बनवली, त्याला कल्पकतेचे धडे कोणी द्यावेत? आमचा विरोध आहे तो एका चलाखीला. माणसाची नोकरी जाते ती कारखानदाराच्या हिशेबामुळे, सरकारच्या धोरणामुळे, बाजाराच्या उलथापालथीमुळे. पण व्याख्यान संपेपर्यंत तो सारा प्रश्न त्या माणसाच्या डोक्यात येऊन बसलेला असतो. तुला काही सुचत नाही, म्हणून तू उपाशी आहेस! ज्याने कामावरून काढले तो या व्याख्यानात कोठेच नसतो. त्याचे नाव निघत नाही, त्याच्याकडे काय येणे आहे तेही निघत नाही.

श्रोते ख्रिस्ती आहेत हे ध्यानी घेऊन समारोपाला संत पौलाचा दाखला हमखास दिला जातो. पौल तंबू शिवून पोट भरत असे, मग तुम्ही का नाही? दाखला देणाऱ्याने ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा अठरावा अध्याय एकदा शांतपणे वाचावा. करिंथ नगरीत आलेल्या पौलाने तेथे काही नवी कल्पना लढवलेली नाही. तो अक्विला आणि प्रिस्किल्ला या दांपत्याच्या घरी उतरला, कारण त्यांचा आणि त्याचा धंदा एक होता. हे दांपत्य तरी कोण? सर्व यहुद्यांनी रोम सोडून जावे असा हुकूम क्लौद्य कैसराने काढल्यामुळे परागंदा झालेले. म्हणजे ज्यांचे बस्तान नुकतेच मोडले होते अशा घराने दुसऱ्या एका कारागिराला आपल्या कामात सामावून घेतले. ही कथा एकट्या माणसाच्या जिद्दीची नसून उघड्या ठेवलेल्या दाराची आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. नोकरी गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न कोणता विचारावा? ‘आता नवीन काय करणार?’ हा नव्हे. ‘तुमचे येणे किती आहे?’ हा. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांचे उदाहरण घेऊ. नावाची व कारखान्याच्या पत्त्याची येथे गरज नाही. नोकरी बावीस वर्षांची. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून महिना 26,000 रुपये. एके सायंकाळी त्यांना कार्यालयात बोलावून सांगण्यात आले, “राजीनामा लिहून द्या, म्हणजे तुमचाही मान राहील आणि आमचाही.” त्यांनी मान राखला. वस्तुतः कामगार कपातीच्या कायद्यानुसार, एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचे तर एक महिन्याची नोटीस अथवा तिच्याऐवजी पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. राजीनाम्याच्या एका कागदाने ही भरपाई गेली. कारण ज्याने स्वखुशीने नोकरी सोडली त्याची कपात झाली असे कायदा मानत नाही.

उरले उपदान, ज्याला आपण ग्रॅच्युइटी म्हणतो. ते राजीनाम्यानेही बुडत नाही. त्याचा हिशेब शाळकरी मुलाला करता येईल इतका सोपा आहे: शेवटच्या महिन्याच्या पगाराला सव्वीसने भागावे, पंधराने गुणावे, मग वर्षांच्या संख्येने गुणावे. या गृहस्थांच्या बाबतीत वर्षाला 15,000 आणि बावीस वर्षांचे 3,30,000 रुपये. ही रक्कम तीस दिवसांत देणे मालकावर बंधनकारक असते. विलंब झाल्यास व्याज द्यावे लागते. आमच्याकडे ते आले तेव्हा सात महिने लोटले होते, उपदानासाठी अर्ज केलेला नव्हता, आणि दरम्यान त्यांनी दोन व्याख्याने ऐकून साबण तयार करण्याचे शिक्षण घेतले होते. साबण चांगला होता, हे आम्ही वापरून सांगतो. पण सव्वातीन लाखांहून अधिक रक्कम दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवून दहा रुपये नफ्याची वडी विकणे याला आम्ही उद्योजकता म्हणणार नाही.

याच संदर्भात एक नवी तरतूद वाचकांनी ध्यानात ठेवावी. औद्योगिक संबंध संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. तिने एका हाताने बरेच काढून घेतले आहे. पूर्वी शंभर वा अधिक कामगारांच्या कारखान्याला कपातीसाठी वा टाळेबंदीसारख्या कायमच्या बंदीसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागे. आता ही मर्यादा तीनशेवर गेली आहे. दुसऱ्या हाताने तिने पुनर्कौशल्य निधी दिला आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांचा शेवटचा पगार या निधीत भरायचा आणि तो पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा. पंधरा दिवसांच्या पगारात वीस वर्षे यंत्रावर काम केलेला माणूस कोणते नवे कौशल्य शिकणार, हे संहिता करणाऱ्यांनाच ठाऊक. तरीही हक्काचा पैसा तो हक्काचाच. आणि जो राजीनामा लिहून देईल त्याला तोही मिळणार नाही. व्यवस्थापक किंवा वरच्या पगाराचे पर्यवेक्षक कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ ठरत नाहीत, हेही येथे सांगितले पाहिजे, कारण आपल्या घरांतील अनेक जण त्या वर्गात मोडतात आणि आपण कायद्याच्या छत्राखाली आहोत अशा भ्रमात असतात.

‘भूतकाळ उकरत बसण्यापेक्षा पुढे पाहा,’ असे यावर कोणी म्हणेल. पुढे पाहण्याचा प्रयोग मुंबईत एकदा फार मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो विरून गेला. कामावर परत घेतले न गेलेल्या माणसांनी मग काय केले? जे जे सुचले ते सर्व केले. भाजी विकली, रिक्षा चालवली, इमारतींच्या दारांवर रात्रीचे पहारे दिले, घरी शिवणयंत्र आणले, गावी परतून करपलेल्या शेताला हात घातला. गिरणगावात कल्पकतेचा दुष्काळ होता असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु कायम नोकरीचा पगार, भविष्य निर्वाह निधी आणि विमा रुग्णालय यांच्या जागी जे आले ते दिवसाच्या कमाईवर दिवस काढणे होते.

1992 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन केला. आर्थिक पुनर्रचनेत नोकऱ्या गमावणाऱ्यांना नवे शिक्षण आणि नवे काम मिळवून देणे हा त्याचा घोषित हेतू. पैसा मुख्यतः गेला तो सरकारी उपक्रमांतील स्वेच्छानिवृत्तीची रक्कम चुकती करण्यात. पुनर्प्रशिक्षणाच्या वाट्याला फार थोडा आला. गिरणगावात खरी झळाळी आली ती माणसांना नव्हे, जमिनीला. 1991 च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक वाटा मोकळ्या जागांसाठी, एक घरबांधणीसाठी आणि एक मालकांसाठी असे सूत्र ठरवले होते. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी गिरणीच्या केवळ मोकळ्या भूखंडापुरती आक्रसली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. जमिनीच्या बाबतीत एवढी बुद्धी लढवणाऱ्या व्यवस्थेने कामगाराला मात्र ‘तू स्वतः काहीतरी शोध’ असे सांगितले.

हा सल्ला ज्यांच्या हाती निवृत्तीची एकरकमी रक्कम असते त्यांना तर विशेष घातक ठरतो. अशा घराची वास लागल्यासारखी बातमी पसरते. 2000-01 या वर्षी सरकारी बँकांतून सुमारे लाखभर कर्मचारी स्वेच्छानिवृत्त झाले, आणि 2001 च्या जुलैत युनिट ट्रस्टने आपल्या यूएस-64 या सर्वांत विश्वासार्ह समजल्या गेलेल्या योजनेची खरेदी-विक्री एकाएकी थांबवली. त्याआधीच्या दशकात सागवानाची झाडे लावून वीस वर्षांनी लखपती करणाऱ्या कंपन्या दारोदार फिरत होत्या. त्यानंतर इमू नावाचा पक्षी आला. तमिळनाडूतील इमूचा डोलारा 2012 मध्ये कोसळला, आणि आपल्या राज्यातही ज्यांनी तो पाळला त्यांच्यापुढे तो घेणार कोण हा प्रश्न उभा राहिला. या सर्व योजना ‘कल्पक’ होत्या. आमचे मत असे की, स्वेच्छानिवृत्तीची रक्कम हे भांडवल नव्हेच. तो पुढील दहा-पंधरा वर्षांचा पगार आहे, एका दिवशी हाती आलेला. त्यातील पहिली दोन वर्षे घरखर्चासाठी बाजूला काढून ठेवल्याखेरीज कोणत्याही धंद्याचे नाव काढू नये.

व्याख्याते ज्या यशोगाथा सांगतात त्यांचाही विचार केला पाहिजे, कारण त्या खऱ्या आहेत. त्यांचा अर्थ मात्र चुकीचा लावला जातो. लिज्जत पापडाची कथा कोणी ऐकलेली नाही? 15 मार्च 1959 रोजी गिरगावातील सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. यातून बोध काढला जातो तो असा: पाहा, साध्या पापडातून केवढा उद्योग! पण यात पापड ही कल्पना कोठे नवी होती? गिरगावातील प्रत्येक माळ्यावर पापड लाटले जात होते. नवे होते ते नाते. तेथे लाटणारी प्रत्येक बाई मालकीण, कोणी कोणाची नोकर नाही, नफा-तोटा सर्वांचा. पीठ एकाच ठिकाणी मळायचे, म्हणजे चव एक राहील. भगिनींनी ते घरी न्यायचे, लाटून आणायचे आणि हातोहात मजुरी घ्यायची. विकण्याची चिंता संस्थेची. एकट्या बाईने तेच ऐंशी रुपये घेऊन तेच पापड लाटले असते तर महिन्याभरात ती कोपऱ्यावरच्या दुकानदाराची देणेकरीण झाली असती. त्यांनी देणगी घेतली नाही याचा अभिमान जरूर बाळगावा; मात्र त्यांना कोणीतरी उसने दिले, हेही विसरू नये.

दुसरी कथा आम्हांला अधिक प्रिय आहे, पण ती व्याख्यानांत क्वचितच येते. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बाया होत्या. पहाटे उठून पंचवीस-तीस माणसांच्या भाकरी थापणाऱ्या. जेवणारा पैसे देणार महिन्याच्या शेवटी, वाणी किराणा देणार आज. मधल्या तीस दिवसांच्या उधारीवर वाणी आणि सावकार जगत होते. या बायांना स्वयंपाक येत होता, गिऱ्हाईक होते, कष्टाची तयारी होती. म्हणजे व्याख्यात्यांच्या यादीतील सर्व गुण त्यांच्यात पिढ्यान्पिढ्या होते, तरीही त्या दरिद्रीच राहिल्या. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. बाया गटाने एकमेकींना जामीन राहिल्या आणि बँकेचे दार त्यांना उघडले. सावकाराचे व्याज सुटले तेव्हा त्याच भाकरीत घर चालू लागले. भाकरी बदलली नव्हती. पुढे 1982 च्या संपात जेवणाऱ्यांचाच पगार थांबला, तेव्हा खाणावळींनाही त्याची झळ लागली. खाणावळीची चूल गिरणीच्या भोंग्यावर पेटत होती, हे त्या वेळी साऱ्यांना उमगले.

हीच गोष्ट 2020 च्या टाळेबंदीत आम्ही आमच्या आसपास पाहिली. हॉटेलांतून, जहाजांवरून, विमानतळावरून कामे गेली आणि पाहता पाहता घरोघरी भट्ट्या पेटल्या. एका गल्लीत केक करणारी पाच घरे! केक घेणार कोण? शेजारी. शेजाऱ्याचा पगार निम्मा झालेला. पहिल्या महिन्यात सर्वांनी कौतुकाने घेतला, नाताळला पुन्हा घेतला. पुढील पास्काच्या सणापर्यंत पाचांपैकी एक भट्टी उरली होती, आणि तीही ज्यांचा धाकटा मुलगा कुवेतहून पैसे पाठवत होता त्यांची. एका उद्ध्वस्त झालेल्या वस्तीत सर्वांनी एकाच वेळी उद्योजक व्हायचे तर गिऱ्हाईक कोणाच्या गावाहून आणायचे, याचे उत्तर आम्ही अद्याप एकाही व्याख्यानात ऐकलेले नाही.

काही जण स्वतःच्या हिमतीवर उभे राहतात, हे आम्ही नाकारत नाही. मोगऱ्याच्या शेतीतून, मंडपाच्या धंद्यातून, वाहनदुरुस्तीतून नाव कमावलेली माणसे आमच्याच धर्मग्रामात आहेत. पण त्यांच्या घरचा इतिहास पाहावा. बहुतेकांकडे वडिलोपार्जित वाडी होती, किंवा पत्नी शिक्षिका होती. पोटाखाली जाळी असली की माणूस उंच उडी घेतो. जाळीचे नाव न घेता उडीचेच गुणगान गाणे हा अप्रामाणिकपणा आहे.

या विषयात ख्रिस्तसभेची शिकवण संदिग्ध नाही. 1891 मध्ये पोप तेरावे लिओ यांनी श्रमिकांच्या प्रश्नावर परिपत्रक काढले. 1981 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी मानवी श्रमावरील आपल्या परिपत्रकात ‘अप्रत्यक्ष मालक’ अशी संकल्पना मांडली. पगार देणारा तो प्रत्यक्ष मालक. पण ज्या संस्था, जी धोरणे, जी राज्यव्यवस्था रोजगाराची परिस्थिती घडवते ती अप्रत्यक्ष मालक, आणि सर्वांना योग्य काम मिळेल हे पाहणे तिचे कर्तव्य. काम नसणाऱ्यांच्या निर्वाहाची सोय करणे हे त्याच परिपत्रकाने दयेचे नव्हे तर कर्तव्याचे काम ठरवले आहे. त्याचा आधार असा की, पृथ्वीवरील साधनसंपत्ती सर्वांसाठी आहे. प्रभू येशूच्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यातही दिवस कलायला आला तेव्हा चव्हाट्यावर काही माणसे रिकामी उभी होती. मळ्याच्या धन्याने कारण विचारले. कोणी कामाला लावलेच नाही, असे त्यांनी सांगितले. त्यावर धन्याने त्यांना उपदेश केला नाही. मळ्यात पाठवले आणि पूर्ण दिवसाची मजुरी दिली.

एका धर्मगुरूने याचा आजच्या काळातील अर्थ लावून दाखवला आहे. स्पेनच्या बास्क प्रदेशात मोंद्रागोन नावाचे गाव आहे. यादवी युद्धाने होरपळलेल्या त्या गावी 1941 मध्ये होसे मारिया आरिस्मेंदियारिएता हे तरुण धर्मगुरू साहाय्यक म्हणून आले. त्यांनी 1943 मध्ये छोटी तंत्रशाळा काढली. तिच्यात शिकलेल्या पाच तरुणांनी 1956 मध्ये रॉकेलच्या शेगड्यांचा कारखाना उभा केला, ज्यात कामगार तोच मालक आणि प्रत्येकाला एकच मत. 1959 मध्ये सहकारी बँक आली. पुढे तेथे फार मोठा सहकारी समूह उभा राहिला. परंतु आम्हांला सांगायचे आहे ते 2013 चे. त्या वर्षी समूहातील सर्वांत जुना, घरगुती उपकरणांचा फागोर हा उद्योग दिवाळखोरीत गेला. सहकारही बुडतो, त्याला देवाचे वरदान नाही. पण बुडाल्यावर तेथील सभासदांना ‘संकटात संधी शोधा’ असे सांगण्यात आले नाही. त्यांच्यातील बहुसंख्यांना समूहाच्या इतर सहकारी उद्योगांत काम देण्यात आले अथवा लवकर निवृत्तीची सोय करण्यात आली. परदेशातील शाखांतले जे पगारी कामगार सभासद नव्हते त्यांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही, आणि तो त्या व्यवस्थेवरील डाग आहे. तरी सभासद आणि बिगरसभासद यांच्या नशिबातील हाच फरक आमचा मुद्दा सिद्ध करतो.

स्पेन दूर आहे, असे कोणी म्हणू नये. आपल्याच वसईत 1918 मध्ये मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने बसीन कॅथॉलिक सहकारी बँकेचा पाया घातला गेला, तेव्हा समोर जमलेले शेतकरी श्रीमंत नव्हते. त्यांना शेती शिकवण्याची गरज नव्हती. गरज होती ती परवडणाऱ्या व्याजाच्या कर्जाची. ते ओळखणारा धर्मगुरू त्या काळी निघाला. आज आपल्या समाजात पतपेढ्यांची उणीव नाही. त्यांच्या वार्षिक सभांत लाभांशावर तासभर चर्चा होते. कर्ज कशाला मिळते? गाडीला, सदनिकेला, लग्नाला. अर्जासोबत पगाराची पावती आणि दोन पगारदार जामीन लागतात. म्हणजे ज्याची पावतीच बंद झाली, नेमका तोच दाराबाहेर. खाणावळवाल्या बायांना पन्नास वर्षांपूर्वी जो गटजामीन चालला तो आपल्या पतपेढ्यांना का चालू नये? पाच बेकार माणसे एकमेकांना जामीन राहतात, महिन्याला हिशेब दाखवतात, पहिली सहा महिने केवळ व्याज भरतात. अशी योजना एका संचालक मंडळाने तरी पुढील सर्वसाधारण सभेत ठेवावी, असे आमचे आवाहन आहे.

धर्मग्राम परिषदांनीही व्याख्यानांचा खर्च थोडा बाजूला ठेवून रविवारच्या मिस्सानंतर एक मेज मांडावे. आपल्यात निवृत्त कामगार अधिकारी आहेत, युनियनची कामे केलेले आहेत, वकील आहेत, भविष्य निर्वाह निधीचे अर्ज डोळे मिटून भरणारे लेखनिक आहेत. राजीनामा लिहून देण्याआधी माणसाने त्या मेजाशी यावे, एवढी सवय लागली तरी पुष्कळ. 17 एप्रिल 2019 रोजी जेट एअरवेजची विमाने जमिनीवर उतरली ती पुन्हा तिच्या हिशेबाने उडाली नाहीत. 2024 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. साडेपाच वर्षे हजारो कर्मचारी आपल्या थकलेल्या रकमांसाठी न्यायासनापुढे उभे होते. सहार-अंधेरीशी आपल्या समाजाचा संबंध पाहता त्यांच्यात आपली मुले नव्हती असे कोण म्हणेल? त्यांना एकट्याने उभे राहावे लागू नये, एवढेच त्या मेजाचे काम.

शेवटी आपल्या संस्था. शाळा, वसतिगृहे, रुग्णालये चालवणारा समाज हा स्वतः मोठा गिऱ्हाईक आहे. हजारो मुलांचे गणवेश, रुग्णांचे जेवण, सणाच्या मेणबत्त्या, कार्यक्रमांचा अल्पोपाहार ही सारी खरेदी आपण दरवर्षी करतो, आणि ती बहुधा शहरातील ठेकेदाराकडून करतो, कारण त्याचा दर दोन रुपयांनी कमी असतो. ज्या बाईला आपण आपल्याच सभागृहात शिवणकामाचे प्रमाणपत्र देतो, तिला आपल्याच शाळेचा गणवेश शिवायला देत नाही. धर्मग्रामातील शिवणाऱ्या बायांची एक नोंदणीकृत सहकारी संस्था करावी, सभागृहाची मागची खोली आठवड्याचे पाच दिवस तिला द्यावी, आणि निदान एका शाळेच्या गणवेशाची मागणी आगाऊ निम्म्या रकमेसह तिच्याकडे नोंदवावी. कापड बेतण्याचे काम एका जाणत्या कारागिराकडे ठेवले की मापाच्या तक्रारी येत नाहीत, असे या धंद्यातील माणसे सांगतात. जूनच्या गणवेशाची मागणी फेब्रुवारीअखेर द्यावी लागते. तेव्हा हा विषय परिषदेच्या जानेवारीच्या बैठकीत यावा लागेल.